कर्ता सापडला नाही

दिगंबर हुलवळे पोह्यांवर लिंबू पिळत होते, तेवढ्यात त्यांचा फोन आपणहून बोलायला लागला.

"श्री. दिगंबर शंकर हुलवळे, वय सत्तावन्न. आपण एका महिलेची खाजगी प्रतिमा तिच्या संमतीशिवाय दोनशे चौदा जणांना पाठवली आहे. या शाखेचे आपण मूळपुरुष आहात. ही नोटीस तीन वेळा वाचली जाईल."

लिंबू हातातून सुटलं आणि पोह्यांत बसलं. हुलवळ्यांनी फोन उताणा केला, पालथा केला, गादीखाली दाबला. शेवटी धावत जाऊन ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खुपसला आणि वर झाकण लावलं. डब्यातून आवाज आणखी भारदस्त यायला लागला. पूर्वी लोक म्हणायचे, "नोटीस आली असेल हो, आम्ही काय सारखे फोन बघतो का?" म्हणून दोन हजार एकोणचाळीस साली कायदा बदलला आणि सरकारनं नोटिशीला तोंड दिलं. कान मात्र गावाचे होते.

शैलाताई चुलीपाशी उभ्या होत्या. चूल म्हणजे विजेची, पण उभं राहण्याची पद्धत जुनीच होती. झारा हातात, मान किंचित वाकडी.

"दोनशे चौदा? अहो, आपल्या लग्नाला एवढी माणसं नव्हती."

"काहीतरी चूक झालीय गं!"

"तुम्हाला साधा पाडव्याचा फोटो पुढं पाठवता येत नाही. मागल्या वर्षी तीनदा मलाच पाठवलात."

"तेच तर म्हणतोय मी!"

"मग हे शिकवलं कुणी?"

तिसऱ्या वाचनाला कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारच्या खुटाळे मास्तरांचं डोकं वर आलं. मास्तर निवृत्त होते आणि निवृत्तीनंतर सकाळी नऊपर्यंत त्यांना काहीच काम नसायचं.

"हुलवळे, मूळपुरुष झालात म्हणे! अभिनंदन."

हुलवळे घाम पुसत खुर्चीत बसले. हा माणूस जांभुळखेड तालुक्याच्या नागरी तक्रार कक्षात अव्वल कारकून होता. तेहतीस वर्षांची नोकरी, आठ महिन्यांवर निवृत्ती. या काळात त्यांच्या हातून एक कागद हरवला नव्हता, एक फाईल उंदरानं खाल्ली नव्हती आणि सेवापुस्तकात लाल शाईचा एक ठिपका पडला नव्हता. ते सेवापुस्तक हुलवळे वर्षातून एकदा मागवून घेत आणि मंडळी नातवाचा फोटो बघतात तसं बघत.

आता ही मूळपुरुषाची भानगड काय ते सांगायला हवं.

त्या भागात पूर्वी हेळवी यायचे. नंदीवर बसून दारात यायचे आणि घराण्याच्या सात पिढ्या घडाघडा म्हणून दाखवायचे. कोण कुणाचा मुलगा, कोण दत्तक गेला, कोण पळून गेला, सगळं. कोर्टाच्या आवारात बसवलेलं नवं यंत्र नेमकं तेच करायचं, फक्त माणसांऐवजी फोटोंचं. सरकारी नाव लांबलचक होतं. लोकांनी त्याला 'हेळवी' म्हणायला सुरुवात केली आणि सरकारी नाव मेलं.

त्यातलं विज्ञान असं. प्रत्येक गिरणीचं जातं थोडं वेगळं असतं. जाणती बाई पिठाला बोट लावून सांगते, हे अमक्याच्या गिरणीतलं. तसंच प्रत्येक कॅमेऱ्याच्या आतली काच आणि त्यामागचे लाखो कण थोडे वेडेवाकडे असतात. ते वेडेवाकडेपण फोटोत उतरतं, त्यावरून फोटो कुठल्या फोननं काढला ते कळतं. पुढं तो एकाकडून दुसऱ्याकडे गेला की दर खेपेला लहान केला जातो, थोडा चुरा गळतो. कसा गळला, कुठं गळला, याचे थर साठत जातात. जुन्या काळी पोथी उतरवणाऱ्यानं एक चूक केली की त्याच्या पोथीवरून उतरवलेल्या सगळ्या पोथ्यांत ती चूक जायची. मग चुका जुळवल्या की कोणती पोथी कुणाची लेक ते समजायचं. हेळवी हेच करतो. आणि गंमत म्हणजे तो फोटो बघत नाही. बाईच्या स्वतःच्या फोनवर त्या फोटोचा आकड्यांचा एक ठसा काढला जातो आणि हेळव्याला फक्त तो ठसा मिळतो. फोटो जागचा हलत नाही. ठशावरून हेळवी सगळ्या प्रती शोधतो, वंशावळ म्हणतो आणि पुसून टाकतो.

तो सुरू झाला त्या आठवड्यात जांभुळखेडच्या सार्वजनिक विहिरीत सत्तावन्न फोन सापडले. गाळ काढणाऱ्यांनी त्यांची प्रदर्शनासारखी मांडणी केली होती, पण ओळख पटवायला कुणी आलं नाही.

हुलवळ्यांनी मात्र आयुष्यात कुणाचा फोटो कुणाला पाठवला नव्हता. ते तडक कायदा मदत केंद्रात गेले.

केंद्र एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओत होतं. जागा स्वस्त मिळाली म्हणून सरकारनं घेतली होती. भिंतीवरचा रंगवलेला धबधबा काढायची मंजुरी मात्र तीन वर्षं अडकलेली. फोटोपायी छळलेल्या बायका तिथंच, फोटोच्या पडद्यासमोर बसून आपली कैफियत सांगत. याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. वकील तरन्नुम मुलाणींना वाटत होतं, पण त्यांचं पत्रही मंजुरीच्या त्याच फाईलमध्ये होतं.

"बसा भाऊसाहेब," मुलाणीबाई म्हणाल्या. "धबधब्याला टेकू नका, रंग लागतो."

"वकीलबाई, माझ्यावर अन्याय झालाय."

"मी फोटोतल्या बाईची वकील आहे. तुमची नाही."

"पण मी काही केलंच नाही! कुठली बाई? कुठला फोटो?"

मुलाणीबाईंनी टेबलावरच्या यंत्राच्या पडद्याकडे बघितलं. "मागच्या वर्षी डॉक्टर ऋतुजा पिसाळ तुमच्याकडे तक्रार घेऊन आल्या होत्या. आठवतंय?"

हुलवळ्यांना सगळं आठवलं.

ऋतुजा पिसाळ म्हणजे जनावरांची डॉक्टर. तिशी ओलांडलेली, गमबूट घालून तालुकाभर मोटारसायकल पळवणारी. ज्याच्याशी तिचं लग्न ठरलं होतं त्या प्रथमेशशी तिनं लग्न मोडलं आणि त्यानं तिचा एक फोटो तीन मित्रांना पाठवला. फोटोत काय होतं ते इथं येणार नाही. वाचणाऱ्यांनी मान लांब करून उपयोग नाही, सगळी गोष्ट त्यावरूनच आहे.

तेव्हा तक्रारीचा अर्ज नमुना सात-ग मध्ये घ्यायचा असे. हा नमुना मुळात वजनमापातल्या फसवणुकीचा. त्यात अकरावा रकाना होता: 'आक्षेपार्ह वस्तूची साक्षांकित प्रत जोडावी.'

"अहो भाऊसाहेब, हा फोटो कुणी बघू नये म्हणून तर मी आलेय!" ऋतुजा म्हणाली होती.

"कळतंय मला, डॉक्टर. पण प्रत जोडल्याशिवाय नंबर पडत नाही."

आणि मग हुलवळ्यांनी माणुसकी दाखवली. त्यांनी तोंड भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळवलं, डोळे घट्ट मिटले आणि 'खरी नक्कल'चा शिक्का उचलला. पहिला शिक्का टेबलावर बसला. दुसरा त्यांच्याच अंगठ्यावर. तिसरा कागदावर. चार दिवसांत ऋतुजा पहिल्यांदा हसली होती. हुलवळे दिवसभर खूश होते.

"मी फोटो बघितलाच नाही!" ते आता मुलाणीबाईंना म्हणाले. "शपथ घेऊन सांगतो. अंगठ्याला विचारा!"

"बघितला नाहीत. पण पाठवलात." मुलाणीबाईंनी वंशावळ वाचायला सुरुवात केली. "प्रथमेशची शाखा: तीन मुलं, नऊ नातवंडं, एकूण एक्केचाळीस प्रती. मागच्याच वर्षी वीस मिनिटांत पुसल्या. प्रथमेशला शिक्षा झाली. पण सरकारी यंत्रणेत शोध घ्यायची परवानगी हेळव्याला नव्हती. त्या परवानगीला अकरा महिने लागले, ती परवा मिळाली. आणि ही दुसरी शाखा निघाली. मूळपुरुष दिगंबर हुलवळे. तुम्ही अर्ज पुढं कसा पाठवलात?"

"नेहमीच्या यादीप्रमाणे."

"कुठली यादी?"

अर्ज स्कॅन करून 'प्रत माहितीसाठी' असं बटण दाबलं की नेहमीची यादी आपोआप लागायची. ती आठ वर्षांपूर्वी जलपर्णी हटाव मोहिमेसाठी केली होती. चांगली यादी होती, कुणी सुटू नये म्हणून हुलवळ्यांनीच खपून केली होती.

"पाटबंधारे," मुलाणीबाई वाचत होत्या. "मत्स्यव्यवसाय. वन. भूजल. अशी अठ्ठावीस कार्यालयं. शिवाय बासष्ट ग्रामपंचायती, प्रत्येकी तीन प्रती. तुम्ही त्या प्रथमेशच्या पाचपट आहात, भाऊसाहेब."

तेवढ्यात दार ढकलून ऋतुजा आत आली. गमबुटांना शेण, केसांत कडब्याची काडी. तिनं हुलवळ्यांकडे बघितलं.

"तुम्ही होय," ती म्हणाली. "मी म्हणतेय, गेलं वर्षभर गावोगावी ही माणसं मला बघून अशी का गप्प होतात. मागच्या महिन्यात बोरवडीला म्हैस अडली होती. कोपरापर्यंत हात आत घातलेला माझा. आणि सरपंच मागून म्हणतात, 'डॉक्टर, तुमचा कागद आलाय आमच्याकडं. माहितीसाठी.'"

हुलवळे उठून उभे राहिले. "म्हैस वाचली का?" त्यांनी विचारलं.

"वाचली."

मग मुलाणीबाईंनी खरी अडचण सांगितली.

"हेळवी माणसांच्या फोनमधलं पुसतो. सरकारी दप्तर त्याला पुसता येत नाही. आणि भाऊसाहेबांनी हा अर्ज 'अ' वर्गात टाकलाय."

दप्तराचे वर्ग असतात. 'ड' वर्षभरानं रद्दीत जातो. 'क' काही वर्षांनी. 'अ' म्हणजे कायमचं जतन.

"विषय गंभीर होता हो," हुलवळे कळवळून म्हणाले. "'ड' टाकला असता तर डॉक्टरांचा अपमान नसता का झाला?"

"आणि परवा, शुक्रवारी पाच वाजता," मुलाणीबाई म्हणाल्या, "तालुक्याचं 'अ' वर्ग दप्तर काचेत जाणार."

काचदप्तर ही त्या वर्षीची मोठी गोष्ट होती. गारगोटीच्या शुद्ध काचेची रुपयाएवढी चकती घ्यायची. तिच्या पोटात लेझरचे इतके झटपट ठोके मारायचे की वरची काच तशीच राहते आणि आत नजरेला न दिसणारे बारीक ठिपके कोरले जातात. थरांवर थर. एका चकतीत अख्खा तालुका. आगीत टाका, पाण्यात बुडवा, दहा हजार वर्षं ठिपका हलत नाही. आणि एकदा कोरलं की खोडायला रबर नाही.

"दहा हजार वर्षं," ऋतुजा म्हणाली. "म्हणजे पुढं कधीतरी उत्खनन होणार, जांभुळखेडमध्ये काही सापडणार नाही, फक्त मी सापडणार. देवी म्हणून पुजतील बघा मला."

"हसू नकोस गं," मुलाणीबाई म्हणाल्या.

"मग काय करू? रडून मागच्या वर्षीच झालंय."

"उपाय एकच. कागद दप्तर असेल तर तो राहणार. पण तो कागद पाठवणं हाच गुन्हा होता असं ठरलं, तर तो दप्तर उरत नाही. मग हेळवी पाच मिनिटांत सगळा वंश पुसतो. आणि ते ठरवायला ज्यानं पाठवला त्यानं स्वतः कबूल करावं लागतं. भाऊसाहेब, शुक्रवारी पाचच्या आत."

"म्हणजे सेवापुस्तकात…"

"लाल शाई. हो."

हुलवळे हळूहळू खुर्चीत बसले. पाठ धबधब्याला टेकली. शर्टाला निळा रंग लागला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांचे साहेब, मोरघडे साहेब, वाटच बघत होते. साहेबांचं आयुष्यात एकच तत्त्व होतं: कुठलीही गोष्ट दुसऱ्या टेबलावर असली की ती झालेली असते.

"कबूल कसलं करताय हुलवळे? वेड लागलंय का? तुम्ही मूळपुरुष, म्हणजे तुमच्या खाली आम्ही सगळे तुमची पोरंबाळं! अठ्ठावीस खातेप्रमुखांचे मला फोन आले. सगळे म्हणतात, आम्ही काही केलं नाही, आम्ही फक्त पुढं सरकवलं."

"पण साहेब, त्या डॉक्टरबाई…"

"त्यांचं काम होईल ना. साधा उपाय आहे. सगळ्यांना पत्र टाका, प्रती नष्ट करा म्हणून. कबुली नको, लाल शाई नको. काढा पत्र."

हुलवळ्यांना इतका दिलासा वाटला की त्यांनी मसुदा उभ्या-उभ्या केला. 'विषय: आक्षेपार्ह प्रतिमा तात्काळ नष्ट करणेबाबत. संदर्भ: या कार्यालयाचे समक्रमांकाचे पत्र.' गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी त्यांनी नेहमीची यादी लावली आणि बटण दाबलं.

ऑफिसची नवी प्रणाली फार हुशार होती. पत्रात संदर्भ दिसला की ती तो संदर्भ आपोआप शोधायची आणि सोबत जोडायची.

चार वाजून अकरा मिनिटांनी हुलवळ्यांच्या खिशातून आवाज आला. "श्री. दिगंबर शंकर हुलवळे. आपण पाठवलेल्या प्रतींची एकूण संख्या आता चारशे अठ्ठावीस आहे. ही नोटीस तीन वेळा वाचली जाईल."

साहेबांनी डोळे मिटून विचारलं, "पत्र कुणाच्या सहीनं गेलं?"

"माझ्या."

"बरं झालं," साहेब म्हणाले आणि चहा मागवला.

पाचच्या आत उत्तरंही यायला लागली. ग्रामपंचायती एरवी सहा-सहा महिने उत्तर देत नसत. एकीनं कळवलं: 'सदर प्रत अस्पष्ट आहे, कृपया पुन्हा पाठवावी.' दुसरीनं: 'विषय मासिक सभेपुढे ठेवण्यात येईल.' मत्स्यव्यवसायनं विचारलं होतं, 'सदर बाब गोड्या पाण्यातील आहे काय?'

त्या संध्याकाळी शैलाताईंनी ताट वाढलं, पण समोर बसल्या नाहीत. हुलवळ्यांनी सगळी हकीकत सांगितली. यादी, शिक्का, कॅलेंडर, काच. शैलाताई ऐकत भाकरी थापत होत्या.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "त्या पोरीला विचारलं होतंत का?"

"काय?"

"तुझा फोटो पुढं पाठवू का, म्हणून."

हुलवळ्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. मग म्हणाले, "तसा रकाना नव्हता."

शैलाताईंनी भाकरी परतली आणि त्यांच्याकडे वळून बघितलं. रागानं नव्हे. रागानं बघितलं असतं तर हुलवळ्यांना सवय होती. त्या नुसत्या बघत राहिल्या, जसं एखाद्या ओळखीच्या घराचा क्रमांक चुकीचा निघाल्यावर माणूस दाराकडे बघतो. हुलवळ्यांनी ताट बाजूला सारलं.

"उद्या जातो मी," ते म्हणाले.

"मी पण येते. बघते काय बोलता ते."

शुक्रवारी साडेतीनला दोघं केंद्रात पोचले. हुलवळ्यांनी कबुलीजबाब घरून लिहून आणला होता, समासासकट. मूळ यंत्र कोर्टात, पण इथं हेळवी म्हणजे टेबलावरचा एक पितळी कर्णा आणि मागं पडदा. कबुली तोंडानं द्यायची असे. हुलवळे उभे राहिले, चष्मा लावला आणि वाचलं:

"सदर प्रतिमेची प्रत नेहमीच्या यादीप्रमाणे संबंधितांना पाठविण्यात आली."

हेळवी म्हणाला, "कर्ता सापडला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे पाठवली कुणी ते वाक्यात नाही," मुलाणीबाई म्हणाल्या. "कायद्याला कबुली देणारा माणूस लागतो. नीट सांगा."

"बरोबर आहे," हुलवळे म्हणाले, आणि नीट सांगितलं. "निम्नस्वाक्षरीकारांच्या कार्यालयाकडून सदर प्रत निर्गमित झाली."

"कार्यालय ही व्यक्ती नाही. कर्ता सापडला नाही."

"अनवधानाने पाठवली गेली."

थोडा वेळ यंत्र गुरगुरलं. "अनवधान नावाची व्यक्ती या तालुक्यात नोंदलेली नाही."

शैलाताईंनी पदर तोंडाला लावला. चार वाजले होते. हुलवळ्यांनी पाणी प्यायलं, बटण सैल केलं, पुन्हा उभे राहिले. "आमच्याकडून चूक घडून आलेली आहे."

"आम्ही म्हणजे एकूण किती?"

"अहो, एकटाच!"

"मग एकवचनात सांगा."

सोपं होतं. एक अक्षर, वर एक वेलांटी. पण तेहतीस वर्षांत हुलवळ्यांनी ऑफिसच्या कागदावर 'मी' फक्त रजेच्या अर्जात लिहिला होता, तोही आजारी असताना. बाकी सगळं आपोआप होत आलेलं. पत्रं पाठविण्यात येत, निर्णय घेण्यात येत, माणसं बडतर्फ करण्यात येत, आणि या सगळ्यात करणारा कुणीच नसे. एवढं मोठं सरकार वाऱ्यानं पानं उडावीत तसं चालत असे. त्यांनी तोंड उघडलं. "म…" म्हणाले. पुन्हा "म…" म्हणाले. कपाळावरचा घाम चष्म्यात उतरला.

"मत्स्यव्यवसाय?" हेळव्यानं मदत केली.

तेवढ्यात मोरघडे साहेबांचा फोन आला. मुलाणीबाईंनी तो स्पीकरवर टाकला. "हुलवळे, अजून वेळ गेलेली नाही. आपण समिती नेमू. समितीनं दोष द्यायचा, मग दोष कुणालाच लागत नाही. ऐका माझं, आठ महिन्यांवर आलंय…"

शैलाताईंनी फोन बंद केला. नवऱ्याच्या साहेबांचा फोन त्यांनी पहिल्यांदाच बंद केला, आणि तो किती सहज बंद होतो याचं त्यांना नवल वाटलं.

चार वाजून सत्तेचाळीस मिनिटं. दार उघडलं. ऋतुजा धापा टाकत आत आली.

"झालं?"

"व्याकरणात अडकलंय," मुलाणीबाई म्हणाल्या.

ऋतुजानं हुलवळ्यांच्या हातातला कागद काढून घेतला, वाचला आणि घडी करून परत त्यांच्या खिशात कोंबला. मग खुर्ची ओढून कर्ण्याच्या आणि त्यांच्या मध्ये बसली.

"भाऊसाहेब, त्या कर्ण्याकडं बघू नका. हे माझं काम आहे ना? माझ्याकडं बघा, आणि मला सांगा."

हुलवळ्यांच्या तेव्हा ध्यानात आलं की या मुलीकडे आपण कधी बघितलंच नाही. त्या दिवशी कॅलेंडरकडे बघत होतो. परवा गमबुटांकडे. त्यांनी बघितलं. दमलेला, उन्हानं रापलेला चेहरा होता. डाव्या भुवईवर गायीनं कधीतरी मारलेल्या शिंगाची खूण होती. ती वाट बघत होती. वर्षभर बघत होती.

"डॉक्टर," ते म्हणाले. "मी पाठवला तुमचा फोटो."

त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

"मी पाठवला. तुम्हाला न विचारता. एकदा पाठवला, आणि काल घाबरून परत एकदा पाठवला. मला वाटलं, आपण बघितला नाही म्हणजे आपण चांगले. मी… मी बटण दाबलं आणि घरी जाऊन जेवलो. तुम्ही मात्र गावोगाव हिंडत होता. चुकलो मी."

हेळवी म्हणाला, "कर्ता सापडला."

आणि मग तो वंशावळ म्हणायला लागला, उलटी, पानाकडून खोडाकडे. "मत्स्यव्यवसाय, निर्वंश. भूजल, निर्वंश. वन, निर्वंश. बोरवडी ग्रामपंचायत, तिन्ही प्रती, निर्वंश." बासष्ट गावं एका दमात. पडद्यावरचं झाड शेंड्यापासून झडत आलं. हुलवळे खाली मान घालून ऐकत होते. चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी शेवटची फांदी गेली. काचेत कोरायला गेलेल्या दप्तरात त्या अर्जाच्या जागी कोरं पान राहिलं. तीन आठवड्यांनी हुलवळ्यांच्या सेवापुस्तकात लाल शाईनं ओळ पडली, 'सदर कर्मचाऱ्यास समज देण्यात आली आहे.' कुणी दिली ते त्यात लिहिलेलं नव्हतं. निवृत्तीचा निरोप समारंभही साहेबांनी रद्द केला. पण ते पुढचं.

त्या वेळी हेळव्यानं फक्त घसा साफ केल्यासारखा आवाज काढला. "शिल्लक प्रत, एक. तक्रारदाराच्या स्वतःच्या फोनमध्ये. ठसा याच फोटोचा काढला होता. पुसायची आहे का?"

मुलाणीबाईंनी ऋतुजाकडे बघितलं. "पुसतेस ना? म्हणजे पूर्णच मिटलं."

ऋतुजानं फोन काढला. खुर्चीतून उठली, सगळ्यांकडे पाठ केली, आणि खिडकीपाशी जाऊन एकटीच त्यात बघत उभी राहिली. वर्षभरात तिनं तो उघडला नव्हता. खाली रस्त्यावर कुणीतरी तिच्या मोटारसायकलीला अडून हॉर्न वाजवत होतं. तिनं लक्ष दिलं नाही. बराच वेळ बघत होती.

"डॉक्टर?" हुलवळ्यांनी चाचरत विचारलं. "पुसू का म्हणतायत."

"नको," ऋतुजा म्हणाली, आणि फोन खिशात टाकून हेल्मेट उचललं. "राहू दे. छान दिसतेय मी त्यात."